वार पडायची वाट बघू नका: पोटातलं बाळ जेवतं कसं?

(या आठवड्याच्या एपिसोडची ही लिखित आवृत्ती. बोलताना अडखळलो ते काढलंय, मागे हंबरणारी गाय पण काढलीये. ज्यांना हेडफोन लावायची सोय नाही, त्यांनी वाचा. बाकीच्यांनी ऐकलंत तरी चालेल.)

००:०० | दोन वासरं

आज कोडिंग नाही, करिअर नाही, एआय तर अजिबात नाही. आजचा विषय आहे वार. आठवड्याचा वार नव्हे. गाय व्यायल्यावर, किंवा बाई बाळंत झाल्यावर, मागून पडते ती वार.

आधी हा विषय का घेतला ते सांगतो. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. घरी दोन-तीन जनावरं कायम. मी सातवीत असताना आमची एक गाय रात्री व्यायली. छान कालवड झाली. पण वार काही पडेना. आणि आमच्या घरात नियम असा की वार पडल्याशिवाय गाईच्या सडाला हात लावायचा नाही, वासरू पाजायचं नाही. रात्र गेली, सकाळ गेली. वार पडली दुपारी. तोवर ती कालवड कोपऱ्यात बांधलेली, ओरडून ओरडून थकलेली. मग तिला पाजलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला हगवण लागली आणि आठवड्याच्या आत ती गेली. सगळे म्हणाले, नजर लागली. मी दोन दिवस जेवलो नाही.

तिचा जीव नक्की कशानं गेला, हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण त्या रात्री आपण काय चुकलो, ते मला बीटेक होऊन नोकरीला लागल्यावर कळलं. आणि मागच्या महिन्यात तीच परिस्थिती परत समोर आली. वर्क फ्रॉम होम म्हणून मी गावी, गाय गाभण, दिवस भरलेले, आणि समोर माझी आजी. ती गोष्ट शेवटी सांगतो. ती कळायला आधी एक प्रश्न सोडवावा लागेल. पोटातलं बाळ जेवतं कसं?

०२:३० | आईनं खाल्लं म्हणजे बाळानं खाल्लं?

आपल्या डोक्यात लहानपणापासून एक चित्र असतं. आई जेवते, ते पोटात जातं, बाळ पण पोटातच आहे, म्हणजे त्याला तिथंच मिळतं. मराठीत घोळ असा की जठरालाही पोट म्हणतात आणि गर्भाशयालाही. "ती पोटुशी आहे" म्हणतो ना आपण. त्यामुळं मग असं वाटतं की तूप खाल्लं की वाट बुळबुळीत होते आणि बाळंतपण सोपं होतं. केशर प्यायलं की बाळ गोरं होतं.

प्रत्यक्षात या दोन वेगळ्या खोल्या आहेत आणि त्यांच्या मधे दार नाही. जठरातलं तूप गर्भाशयात जायला रस्ताच नाही. तूप आतड्यात गेल्यावर त्याचे बारीक तुकडे होतात आणि ते रक्तात मिसळतात, तुम्ही-आम्ही खाल्लेल्या तुपाचं होतं तसंच. बाळाच्या रंगाचं म्हणाल तर तो आईबापाच्या जनुकांतून ठरतो, केशराचा त्यात काही हात नाही.

म्हणजे बाळापर्यंत जेवण पोचत नाही. जेवणाचं शेवटी जे होतं, ते पोचतं. म्हणून आधी आईचं पचन बघू.

०४:०० | भाकरीची साखर, कडब्याची साखर

माणसाचं सोपं आहे, शाळेत शिकलोय. भाकरीचा घास तोंडात गेला की लाळेपासून काम सुरू. लाळेतलं विकर पिठूळ पदार्थ तोडायला लागतं. भाकरी खूप वेळ चावली की गोडसर लागते, ती यामुळं. जठरात आम्ल आणि पेप्सिन, तिथं प्रथिनं तुटायला लागतात. खरं काम लहान आतड्यात. ते साधारण सहा मीटर लांब. तिथं स्वादुपिंडाचा रस येतो, यकृताकडून पित्त येतं, आणि भाकरी, डाळ, तूप यांचे सुटे भाग होतात. पिठाचं ग्लुकोज, प्रथिनांची अमिनो आम्लं, चरबीची मेदाम्लं. आतड्याच्या आतल्या भिंतीवर बोटांसारखे बारीक बारीक कोंब असतात, लाखोंनी. ते हे सगळं शोषून घेतात आणि रक्तात सोडतात. हे कोंब लक्षात ठेवा, पुढं परत भेटणार आहेत.

गाईचं मात्र भारी आहे. गाय कडबा खाते. कडब्यातला मुख्य भाग सेल्युलोज, आणि तो पचवायचं विकर गाईकडे स्वतःकडे नाहीच. मग? तिनं काम आउटसोर्स केलंय. गाईच्या पोटाचे चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, त्याला कोठीपोट म्हणतात. मोठ्या गाईचं शंभर लिटरच्या वर मावेल एवढं. त्यात कोट्यवधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव राहतात. ते कडबा आंबवतात. गाय अधूनमधून तोच चारा वर तोंडात आणून परत चावते, ते रवंथ. आंबवण्यातून आम्लं तयार होतात, व्हिनेगरच्या घराण्यातली, आणि गाय जगते मुख्यतः त्यांच्यावर. चाऱ्यातली साखर तर जिवाणूच खाऊन टाकतात. म्हणून गाईचं यकृत त्या आम्लांतल्या एकापासून नव्यानं साखर बनवतं आणि रक्तात सोडतं.

आणि ही साखर कुणाला लागते? पोटातल्या वासराला. वासराचं गर्भातलं मुख्य इंधन ग्लुकोजच. म्हणजे कोरड्या कडब्यापासून वासरू तयार होतं त्याचा हा रस्ता आहे. कडबा, जिवाणू, आम्ल, यकृत, साखर, रक्त. आता पुढची पायरी वार.

०६:४० | वार म्हणजे काय, आणि ती कुणाची

पहिला धक्का. वार आईची नसते, मुख्यतः बाळाची असते. गर्भ रुजतो तेव्हा त्याच्याच पेशींपासून एक भाग बाळ बनत जातो आणि एक भाग वार. आईच्या गर्भाशयाचं अस्तर तिला जागा करून देतं. म्हणजे बाळ स्वतःचं वायरिंग स्वतः घेऊन येतं आणि आईच्या बोर्डाला जोडून घेतं.

हे जोडकाम लगेच होत नाही. तोवर गर्भाशयाच्या भिंतीतल्या ग्रंथी एक पोषक रस सोडतात, त्यावर गर्भ वाढतो. माणसात पहिले दोन-अडीच महिने त्या रसाचा मोठा आधार असतो. मग वार पूर्ण कामाला लागते.

माणसाची वार जेवणाच्या थाळीपेक्षा थोडी लहान, गोल, दिवस भरल्यावर साधारण अर्धा किलोची. तिच्यातून नाळ निघते, अर्धा मीटरच्या आसपास लांब. नाळेत तीन रक्तवाहिन्या. दोन बाळाकडून वारेकडे वापरलेलं रक्त नेतात, एक वारेकडून बाळाकडे चांगलं रक्त आणते.

आता दुसरा धक्का. आईचं रक्त बाळात जात नाही. "माझ्या रक्तावर वाढवलंय" हे भावनेनं बरोबर आहे, पण प्लंबिंग वेगळं आहे. वारेच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या असलेले कोंब असतात, अगदी आतड्यासारखे, झाडाच्या मुळांसारखे फुटलेले. माणसात हे कोंब आईच्या रक्तात बुडालेले असतात. दोन रक्तांच्या मधे पातळ पडदा. सगळे कोंब पसरून मोजले तर माणसाच्या वारेत साधारण १० ते १४ चौरस मीटर जागा होते. एका खोलीच्या फरशीएवढी, थाळीएवढ्या गोळ्यात घडी घालून ठेवलेली. आतड्यानं जी युक्ती वापरली तीच वारेनं वापरली. कमी जागेत जास्त पृष्ठभाग.

या पडद्यातून काय काय जातं? ऑक्सिजन सरळ झिरपतो, आणि बाळाचं हिमोग्लोबिन तो आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट पकडतं. ग्लुकोजसाठी खास वाहक रेणू आहेत, ते आईकडून बाळाकडे उतारानं नेतात. अमिनो आम्लं मात्र चढावर ढकलली जातात, ऊर्जा खर्च करून. बाळाच्या रक्तात ती आईपेक्षा जास्त असतात. कॅल्शियम आणि लोह पण असंच खेचून घेतलं जातं. उलट दिशेनं कार्बन डायऑक्साइड आणि युरिया बाहेर. तो आईची फुप्फुसं आणि मूत्रपिंडं निस्तरतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर दोन सर्व्हर आहेत, थेट लॉगिन नाही, मधे एक गेटवे आहे. थेट जोडले असते तर काय झालं असतं? आईचा रक्तगट बी आणि बाळाचा ए असू शकतो. आईच्या प्रतिकारशक्तीनं बाळावर परका म्हणून हल्ला केला असता. म्हणून पडदा पाहिजेच.

पण हा गेटवे सगळं अडवत नाही. दारू जाते. निकोटिन जातं. तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट असं समजू नका. आपल्याकडे मिश्री लावणाऱ्या किती बाया आहेत आजूबाजूला बघा. हिरडीतून निकोटिन रक्तात, रक्तातून वारेत, वारेतून बाळात. "मी ओढत नाही, नुसती दात घासते" याला इथं अर्थ नाही.

११:०० | मग बाळाचं पोट नऊ महिने काय करतं?

सराव. ज्याला आम्ही स्टेजिंग म्हणतो, म्हणजे खरे ग्राहक येण्याआधी सगळी सिस्टीम चालवून बघायची, तसं. बाळ गर्भजल गिळतं. शेवटच्या महिन्यांत माणसाचं बाळ दिवसाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त गिळतं. ते आतड्यातून शोषलं जातं, मूत्रपिंडातून लघवी होऊन परत गर्भजलात. हो, तेच परत गिळतं. घाण वाटून घेऊ नका, विषारी कचरा वारेतून निघून गेलेला असतो, ही लघवी बहुतांशी पाणीच.

गिळण्यामुळं आतड्याची वाढ होते. गर्भजलातल्या पेशी, केस, आणि बाळाचं स्वतःचं पित्त, हे सगळं आतड्यात साठून काळपट हिरवी चिकट शी तयार होते. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत बाळ करतं ती. वासरू पण करतं. म्हणजे एक घासही न खाता आतड्यात माल तयार.

पण पोषण मात्र जवळजवळ सगळं वारेतून. पोट चालू आहे, पण त्याच्यावर घर चालत नाही. आणि मग एका क्षणी नाळ तुटते. वार बंद. साखर बंद, ऑक्सिजन बंद. त्या मिनिटापासून फुप्फुस आणि पोट दोघांना काम घ्यायचंय. माझ्या नोकरीत असल्या रात्रीला गो-लाइव्ह म्हणतात आणि त्या रात्री कुणी झोपत नाही. गोठ्यात पण झोपू नये. का ते आता सांगतो.

१२:४५ | जी एक गोष्ट गाईच्या वारेतून जात नाही

माणसाच्या वारेतून आणखी एक मोलाची गोष्ट जाते. प्रतिपिंडं. आईला आयुष्यात जे आजार झाले, ज्या लशी दिल्या, त्यांच्याविरुद्ध तिच्या रक्तात तयार झालेले रक्षक. वार त्यांना ओळखून, उचलून, बाळाकडे सोडते. बरीचशी खेप शेवटच्या आठवड्यांत जाते, म्हणून फार लवकर जन्मलेल्या बाळांचा साठा कमी असतो. गरोदरपणात आईला धनुर्वाताची लस देतात ती याच रस्त्यावर विसंबून. टोचायची आईला, वाचवायचं बाळाला. भारतात आईचा आणि नवजात बाळाचा धनुर्वात जवळजवळ संपला असं २०१५ साली जाहीर झालं, त्यात या लशीचा आणि स्वच्छ बाळंतपणाचा मोठा वाटा.

गाईची वार वेगळी. ती एक थाळी नसते. लांबच लांब पडदा, आणि त्यावर ७० ते १२०च्या आसपास बटणासारखे गड्डे. पडलेली वार कधी नीट बघितलीत तर दिसतील. प्रत्येक गड्डा गर्भाशयाच्या एका गड्ड्यात रुतलेला. पण इथं बाळाचे कोंब आईच्या रक्तात बुडत नाहीत. मधे जास्त थर असतात. साखर जाते, अमिनो आम्लं जातात, पण प्रतिपिंडं जात नाहीत. म्हशीचं तेच, शेळी-मेंढीचं तेच.

म्हणजे वासरू जन्माला येतं ते जवळजवळ निःशस्त्र. शेणामुताच्या गोठ्यात, हजार जंतूंच्या मधे. निसर्गानं शस्त्रं ठेवलीत कुठं? आईच्या कासेत. पहिल्या दुधात. म्हणजे चिकात.

१४:४५ | खरवस का घट्ट होतो?

खरवस न आवडणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. पण तो जमतो कशानं, विचार केलात? दूध नुसतं तापवून त्याची वडी पडत नाही. चिकाची पडते. कारण पहिल्या चिकात प्रथिनं साध्या दुधाच्या चौपटीहून जास्त असतात, आणि त्यातला मोठा हिस्सा प्रतिपिंडांचा. उष्णता लागली की ही प्रथिनं गोठतात, अंड्याचं होतं तसं. पहिल्या दिवसाच्या चिकात घरच्या बाया दूध मिसळतात, नाहीतर खरवस दगड होतो. तिसऱ्या दिवसाचा चीक आपोआपच पातळ. म्हणजे बायकांच्या हाताला प्रतिपिंडांचं मोजमाप पिढ्यान्‌पिढ्या कळत होतं. फक्त ते वासराचं आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. आणि हो, म्हणूनच वासराला चीक उकळून देऊ नये. खरवस झाला की त्यातलं रक्षण संपलं.

आता खरा पेच. प्रतिपिंड हे प्रथिन. पोटात गेलेलं प्रथिन तर पचून तुटतं. मग चीक पिऊन रक्षण मिळेल कसं?

उत्तर असं की वासराचं पोट पहिल्या दिवशी मुद्दाम कच्चं असतं. आम्ल कमी असतं. चिकात एक घटक असतो, तो प्रथिनं तोडणाऱ्या विकराला अडवतो. आणि आतड्याच्या पेशी अख्खे मोठे रेणू, न तोडता, गिळून रक्तात सोडतात. एरवी आतड्यानं असं केलं तर घोटाळा होईल, पण पहिल्या दिवसापुरतं दार उघडं ठेवलेलं असतं. पहिल्या काही तासांत सगळ्यात उघडं. बारा तासांनी बरंचसं मिटलेलं. चोवीस तासांच्या आसपास बंद. ते परत उघडत नाही.

दार बंद झाल्यावर चीक पाजला तर अन्न म्हणून पचतो, आतड्यात थोडं रक्षण करतो, पण रक्तात शस्त्रं पोचत नाहीत. आमच्या त्या कालवडीला चीक मिळाला दुपारी. पंधरा-सोळा तासांनी. आता कळलं मी दोन दिवस का जेवलो नाही ते परत का आठवतंय?

वासराच्या पचनाची अजून एक गंमत. त्याला पण चार कप्पे असतात, पण कोठीपोट तेव्हा लहान आणि निकामी. चौथा कप्पा, म्हणजे आपल्यासारखं आम्लाचं जठर, तोच मोठा. अन्ननलिकेच्या शेवटी एक पन्हाळ असते. वासरू चोखायला लागलं की तिच्या कडा मिटून नळी होते आणि दूध पहिले कप्पे चुकवून थेट चौथ्यात उतरतं. तिथं एक विकर दुधाचं दही करतं, म्हणजे ते सावकाश पचेल. चीज बनवायला जुन्या काळापासून वापरलं जाणारं रेनेट हेच, वासराच्या पोटातलं. पुढं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वासरू चारा कुरतडायला लागतं, जिवाणू आत जातात, आणि दोन-तीन महिन्यांत कोठीपोट कामाला लागतं. गाईची गाय होते ती तेव्हा.

१८:३० | त्या रात्री

तर मागचा महिना. रात्री दीडच्या सुमाराला काकांनी हाक मारली. गाय व्यायली. कालवडच. काकांनी नाकातोंडातला चिकटा काढला, नाळेला आयोडीन लावलं, गाईनं चाटून चाटून तिला कोरडं केलं. मी म्हटलं, "काका, आता पाजूया." काकांनी आजीकडं बघितलं. आमच्या गोठ्यात शेवटचा शब्द तिचा.

आजी म्हणाली, "आरं, वार पडल्याबिगर सडाला हात लावू नये. वार आत चढती."

मी काय काय बोललो. प्रतिपिंडं, आतडं, दार. आजी ऐकत होती, पण चेहरा हलला नाही. म्हणाली, "तुझ्या मोबाइलात जेवढं हाय तेवढी वेतं म्या हातानं काढल्यात."

हे खरं होतं. आणि तिच्या भीतीला पण कारण होतं. वार अडकली की गाय आजारी पडते, ताप येतो, दूध जातं, कधी जनावर जातं. तिनं ते बघितलेलं. तिला वासरू मारायचं नव्हतं, गाय वाचवायची होती. मग मी वासराचं बोलणं सोडलं आणि गाईचं धरलं. म्हटलं, "आजी, वासरू चोखायला लागलं की गाय पान्हा सोडते ना?" "सोडती की." "पान्हा ज्या रसानं सुटतो, त्याच रसानं गर्भाशय आवळतं. आवळलं की वार सुटायला मदतच होते. पाजलं म्हणून वार आत चढत नाही."

आजी थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "माझ्या बाळंतपणात सुईण पोराला लगेच छातीला लावायची. म्हणायची, पोटात कळ येती, वार लवकर पडती." आणि स्वतःच म्हणाली, "मग गाईचं काय येगळं असतंय."

काकांनी कास धुतली, पहिल्या चार धारा टाकल्या. कालवड ढुशा मारत अर्ध्या तासात प्यायला लागली. वार सकाळी सातला पडली. एका गाईवरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. न पाजता पण सातलाच पडली असती कदाचित. पण कालवड तेवढा वेळ उपाशी राहिली नाही. आज ती पाच आठवड्यांची आहे आणि माझ्या चार्जरची वायर खाते.

खरवस? केला. तिचं पोट भरून उरलेल्या चिकाचा. आजीनं स्वतः वाटी हातात दिली.

२०:४५ | गोठ्यासाठी, आणि घरासाठी

ज्यांच्या घरी जनावरं आहेत त्यांनी एवढं स्क्रीनशॉट काढून ठेवा.

• वासरू, रेडकू, करडू, कुणीही असो, पहिला चीक पहिल्या एक-दोन तासांत. वारेची वाट बघायची नाही.
• पहिल्या दिवसात वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढा चीक, दोन-तीन वेळात. २५ किलोचं वासरू असेल तर अडीच लिटर.
• उठता येत नसेल तर चीक काढून बाटलीला निपल लावून चोखायला द्या. घशात ओतू नका, फुप्फुसात जातो.
• बारा तासांत वार पडली नाही तर जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा. ओढू नका, दगड किंवा चप्पल बांधू नका. गड्डे सुटलेले नसतात, फाटून आत तुकडे राहतात.

आणि माणसाचं. माझ्या बहिणीला सातवा महिना चालू आहे, हा एपिसोड अर्धा तिच्यासाठी. माणसाच्या बाळाला वारेतून शस्त्रं मिळालेली असतात, म्हणून त्याची घड्याळाशी शर्यत वासराएवढी जीवघेणी नाही. पण आईचा चीक त्यालाही लागतो. त्यातली प्रतिपिंडं त्याच्या आतड्यात पहारा देतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जन्मल्यावर पहिल्या तासात अंगावर पाजा आणि सहा महिने फक्त आईचं दूध. पिवळट, घट्ट, थोडंच येतं म्हणून पहिलं दूध पिळून टाकायची पद्धत अजून काही घरांत आहे. टाकू नका. पहिल्या दिवशी थोडंच यायचं असतं. मध चाटवू नका, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातल्या जंतूंपासून गंभीर विषबाधा होऊ शकते. गुळाचं पाणी नको, घुटी नको.

गरोदर बाईला "दोन जिवांचं खा" म्हणून दुप्पट वाढू नका. दिवसाला सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे एखादी भाकरी, वाटीभर डाळ आणि कपभर दूध. त्यापेक्षा लोहाच्या गोळ्या रोज घेते का ते विचारा, आणि त्या चहाबरोबर घेऊ देऊ नका. बाळ लोह वारेतून खेचून घेतं, आईकडे कमी असलं तरी. मग कमी पडतं ते आईला.

२३:१५ | शेवटी

वार हे बाळाचं पहिलं पोट. खरं पोट कामाला लागायच्या आधीचं. एक बंद होतं आणि दुसरं सुरू होतं, त्यामधले तास मोजके असतात. आमच्या घरानं वर्षानुवर्षं ते तास वाट बघण्यात घालवले, आणि ते जनावराच्या काळजीपोटीच घालवले. म्हणून कुणाला अडाणी म्हणू नका. शेजारी बसा, त्यांना कशाची भीती आहे ते विचारा, आणि तिथून सुरू करा.

तुमच्या घरी गोठा असेल तर वार आणि चीक यांचे काय नियम आहेत, ते व्हॉइस नोटमधे पाठवा. पुढच्या भागात ऐकवेन. आणि हा एपिसोड घरातल्या एका तरी आजीला ऐकवा. वाद झाला तर मला कळवा, माझी आजी बोलेल त्यांच्याशी.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. कालवडीनं वायर सोडली तर.